चोच घासायची, पण भूल द्यायची का?

चोच म्हणजे नख, कापलं की झालं, हा समज आधी सोडायला हवा. वरचं केराटिनचं कवच नखासारखं वाढतं हे खरं; पण त्याच्या आत हाड, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. पोपटवर्गातल्या पक्ष्यांच्या चोचीचं टोक तर स्पर्शाला फार संवेदनशील असतं. म्हणून भुलीचा निर्णय काम किती मिनिटांचं आहे यावर घेऊ नये. अवजार जिवंत भागापर्यंत पोहोचणार का, आणि पक्षी धरून ठेवणं सोसेल का, यावर घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. शांत बजीच्या (बाजारात सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात त्या पक्ष्याच्या) चोचीचं नुसतं टोक घासायचं असेल तर भूल नको. खोल तडा सांधायचा असेल तर हवीच.

भुलीने पक्षी दगावतात ही भीती निराधार नाही. ३०-४० ग्रॅमचा जीव भुलीत पटकन गार पडतो. पण मास्कमधून दिलेल्या आयसोफ्लुरेन वायूची मात्रा क्षणोक्षणी कमीजास्त करता येते, आणि तो बंद केला की पक्षी बहुधा काही मिनिटांत शुद्धीवर येतो. उलट, शुद्धीत घट्ट धरणंही बिनधोक नाही. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छाती हलली तरच श्वास चालतो, मुठीत आवळली गेली की जीव गुदमरतो.

चोच पुन्हापुन्हा वाढत असेल तर कारण शोधा. बजींमध्ये यामागे अनेकदा यकृताचा आजार किंवा खरजेचे किडे असतात. यकृत बिघडलेलं असेल तर भूल जास्त जोखमीची ठरते आणि रक्तही लवकर थांबत नाही. तपासणीआधी चोचीला कानस लावू देऊ नका.