अर्धीच भाकरी का राहते?

आम्ही मैंदर्गीच्या बायका बोलतोय.

आमच्या गटातल्या एका काकूंच्या अंगावरून वारं गेलं, म्हणजे लकवा झाला. डावी बाजू लुळी पडली. हळूहळू पाय सुधारला, काकू चालू लागल्या. पण जेवताना ताटातलं उजवीकडचं तेवढं खायच्या. डावीकडची भाकरी, शेंगाचटणी तशीच. चालताना दाराच्या डाव्या चौकटीला धडकायच्या. सून म्हणाली, नखरे करतात. आम्हीही तिचीच री ओढली, हे कबूल करतो.

तो नखरा नव्हता. लकव्यानं मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली, की कधी कधी डोळे धड असूनही डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. काहींना विसर पडतो, तर काहींना चहात आधी काय टाकायचं याचा क्रमच लागत नाही. हात-पायांसारखीच या गोष्टींचीही मेंदूला पुन्हा सवय लावावी लागते.

त्यासाठी मोठ्या शहरांत काही ठिकाणी व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे आभासी जग, वापरतात. डोळ्यांवर जाड चष्म्यासारखं यंत्र बांधतात. आत किराणा दुकान नाहीतर स्वयंपाकघर दिसतं. मान वळवली की दुकानही वळतं. यादीतली तूरडाळ शोधायची, पैसे मोजायचे. शिकवणारी बाई डाळ मुद्दाम डावीकडे ठेवते, जमलं की आणखी डावीकडे. इथं दूध उतू गेलं तरी हात भाजत नाही, म्हणून चुकायची भीती नाही.

पण ही जादू नव्हे. कॉक्रेन या संस्थेनं २०१७ साली ७२ अभ्यास तपासले. नेहमीच्या व्यायामाऐवजी हे यंत्र वापरून हाताला जास्त फायदा दिसला नाही. व्यायामाला जोड म्हणून मात्र उपयोग दिसला. स्मरण, लक्ष यांबाबत ठाम सांगण्याइतका पुरावा नव्हता.

यंत्र नाही म्हणून आम्ही अडून बसलो नाही. ताटाच्या डाव्या कडेला लाल रिबीन लावली. "काकू, आधी रिबीन शोधा, मग घास घ्या." सून आता डावीकडं बसून बोलते. सोमवारी चार वस्तूंची यादी देऊन त्यांना दुकानात नेतो, बोलायचं त्यांनीच. पहिल्यांदा दोनच आणल्या, वर दुकानदाराला रागावल्या!

एक मात्र सांगतो. मोबाइल घालायचा स्वस्त चष्मा आणून घरी प्रयोग करू नका. चक्कर येऊन पेशंट पडू शकतो, फिट येत असेल तर धोका आणखी. सोलापूरला तपासणीला जाल तेव्हा "यांचं डावीकडं लक्ष जात नाही" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. पेशंटला ते स्वतःला कळत नसतं.