पुढचा चेंडू कोण ठरवणार?

अमेरिकेत शाळकरी मुलींच्या सॉफ्टबॉल सामन्यात डगआउटमधून प्रशिक्षक आकडे ओरडतात. कॅचर मनगटावरच्या तक्त्यात तो आकडा शोधते, पिचरही शोधते, आणि मग चेंडू सुटतो. वेगवान की चेंजअप (फसवा संथ चेंडू), आत की बाहेर, हे सगळं त्या आकड्यात आलेलं असतं. कॅचरकडे उरतं ते निरोप पोहोचवण्याचं काम. मुलींना अजून एवढं कळत नाही, असं प्रशिक्षकांचं म्हणणं. मला ते पटत नाही.

महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचरची पट्टी होम प्लेटपासून 43 फुटांवर असते, आणि पिचर पाऊल पुढे टाकत असल्याने प्रत्यक्ष अंतर त्याहून कमी भरतं. ताशी 100 किलोमीटरने आलेला चेंडू साधारण 0.4 सेकंदात प्लेटवर पोहोचतो. चेंडू नीट पारखून मग बॅट फिरवायला एवढा वेळ पुरत नाही. बॅटरला थोडा तरी अंदाज आधीच बांधावा लागतो. म्हणजे हा आपला चिंचोक्यांचा एकी-बेकीचा खेळच झाला: मुठीत काय आहे ते समोरच्याला ओळखू द्यायचं नाही.

अशा खेळात माणूस किती उघडा पडतो, हे बेल प्रयोगशाळेतल्या डेव्हिड हॅगलबार्गर यांनी 1950च्या दशकात दाखवलं. त्यांचं यंत्र समोरच्याने दोन पर्यायांपैकी कोणता निवडला असेल ते ओळखायचं. हरल्यावर तो बाजू बदलतो का, जिंकल्यावर तीच धरून ठेवतो का, एवढंच ते लक्षात ठेवी, आणि तेवढ्यावर माणसांना हरवी. आज हे श्रेय बहुतेक वेळा त्यांचे सहकारी क्लॉड शॅनन यांच्या नावावर जमा होतं. शॅनन यांचं 1953चं यंत्र गाजलं खरं, पण ते हॅगलबार्गर यांच्या यंत्राची सोपी आवृत्ती आहे, असं खुद्द शॅनन यांनीच लिहून ठेवलं आहे. हॅगलबार्गर यांचं नाव मात्र फारसं कोणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मोठ्यांची निवड तरी ओळखायला अवघड असते का? केनेथ कोवाश आणि स्टीव्हन लेव्हिट या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमधले तीस लाखांहून अधिक चेंडू तपासले आणि 2009 मध्ये निष्कर्ष मांडले. वेगवान चेंडू गरजेपेक्षा जास्त टाकले जात होते, आणि एकदा टाकलेला प्रकार लगेच पुन्हा टाकणं टाळलं जात होतं. ही खोड ओळखणाऱ्या बॅटरचा त्यात फायदाच. व्यावसायिकांची ही गत असेल, तर शाळेच्या प्रशिक्षकांच्या आकड्यांत ठरावीक साचा नसेल असं कसं मानायचं?

शिवाय कॅचरला दिसतं ते डगआउटमधून दिसत नाही. बॅटर प्लेटकडे बोटभर सरकली, तिची बॅट उशिरा आली, आपल्या पिचरचा ड्रॉप चेंडू आज खाली पडतच नाहीये, हे हातभर अंतरावरूनच कळतं. चेंडू आत होता की बाहेर, हे बाजूला बसलेल्या प्रशिक्षकांना नीट सांगताही येत नाही. त्यांच्याजवळ असते ती मागच्या सामन्यांची माहिती. ती त्यांनी सामन्याआधी द्यावी आणि प्रत्येक चेंडूचा निर्णय कॅचरवर सोडावा. दहा वर्षांखालच्या मुलींची गोष्ट वेगळी. तिथे पिचरचा एकच चेंडू धड पडत असतो, तेव्हा कॅचरने अडवणं आणि झेलणं शिकलेलं बरं.

निर्णय सोपवल्यावर फटका बसला म्हणून मात्र रागावू नये. योग्य निवडीवरही फटका बसतोच. दोनदा ओरडा खाल्लेली मुलगी पुढे प्रत्येक वेळी वेगवान चेंडूच मागणार, कारण त्यावरून तिला कोणी बोलत नाही. त्यापेक्षा सरावाच्या सामन्यांत प्रशिक्षकांनी वही घेऊन बसावं आणि हॅगलबार्गर यांच्या यंत्राचं काम करावं: फटका बसल्यावर ती पुढे काय मागते, स्ट्राइक मिळाल्यावर काय मागते, एवढंच टिपावं. काही सामन्यांत तिची सवय कागदावर उतरेल. मग ती वही तिच्यापुढे ठेवावी आणि पुढच्या सामन्यात चेंडू तिलाच ठरवू द्यावा.