मैदान एक, क्लब अनेक

भिवंडीच्या धामणकर नाक्यापासून मुंबईच्या कूपरेज मैदानापर्यंत जायचे असेल, तर आधी रिक्षाने किंवा बसने ठाणे नाहीतर कल्याण गाठावे लागते. तेथून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि पुढे पुन्हा बस. भिवंडी रोड हे स्थानक वसई-दिवा मार्गावर असल्यामुळे तेथून मुंबईला जाणारी सरळ लोकल नाही. एका बाजूला सहज दोन तास जातात. तुम्ही फुटबॉल चांगला खेळत असाल, तर 'मुंबईच्या एखाद्या क्लबात जा' असे कोणीतरी तुम्हांला सांगितलेच असेल. तेव्हा हा प्रवास आठवड्यातून तीन-चार वेळा करावा लागेल, हे आधी ध्यानात घ्या. मग प्रश्न उरतो तो असा : ज्या क्लबासाठी एवढी यातायात करायची, तो क्लब तुमच्याकडे कोणत्या नजरेने पाहतो?

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. मुंबईत १८९१ साली रोव्हर्स चषक ही फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. सुरुवातीला ती गोऱ्या सैनिकांच्या पलटणीच जिंकत. १९३७ मध्ये 'बंगळूर मुस्लिम्स' या संघाने तो चषक जिंकला आणि भारतीय संघांचा काळ सुरू झाला. हैदराबाद शहर पोलीस संघाने तर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो आपल्याकडे ठेवला. त्यांचे उस्ताद होते सय्यद अब्दुल रहीम. पेशाने ते शिक्षक होते. मुंबईतले नामांकित संघही पुढे बहुतेक नोकरी देणाऱ्या संस्थांचे असत. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे, बँका अशा सर्वांचे आपापले संघ होते. गल्लीत खेळणारा एखादा मुलगा साहेबांच्या नजरेत भरला, की त्याला त्या कंपनीत नोकरी मिळे. सकाळी सराव आणि दुपारी कचेरी असा त्याचा दिवस असे. टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळलेले नेव्हिल डिसोझा यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. वांद्र्याच्या एका फुटबॉल मैदानाला त्यांचे नाव दिलेले आहे.

म्हणजे शिडीच्या टोकाला पगार होता. ती शिडी हळूहळू मोडली. रोव्हर्स चषक २०००-०१ नंतर खेळला गेला नाही. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड संघ २०१० मध्ये बंद झाला. एअर इंडियाचा संघ २०१३ मध्ये राष्ट्रीय लीगबाहेर गेला. मुंबई एफसी हा क्लब २०१७ मध्ये थांबला. आता शहरात मुंबई सिटी एफसी हा मोठा व्यावसायिक क्लब आहे. तो २०१४ मध्ये स्थापन झाला आणि २०२०-२१ व २०२३-२४ या हंगामांत त्याने इंडियन सुपर लीगचे विजेतेपद मिळवले. पण एका संघात फार तर तीसएक खेळाडू असतात आणि त्यांतले अनेक इतर राज्यांतून व परदेशांतून येतात.

कंपन्यांचे संघ गेले, पण मुलांचा फुटबॉल कमी झाला नाही, उलट वाढला. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शहरभर मुलांचे क्लब आणि अकादम्या निघाल्या. फरक एवढाच की, पूर्वी क्लब खेळाडूला पैसे देत असे, आता खेळाडूचे आईवडील क्लबाला पैसे देतात. दरमहा फी, पोशाख, बूट आणि स्पर्धेला जायचे तर प्रवासखर्च. यात क्लबांचाच सगळा दोष आहे असे नाही. मुंबईत मोकळी जमीन नाही. कृत्रिम गवताचे मैदान तासावर भाड्याने घ्यावे लागते आणि प्रशिक्षकालाही घर चालवायचे असते. तरी ज्या घरात वडील यंत्रमागावर बारा तासांची पाळी करतात, त्या घराने हा खर्च कोठून करावा?

आता हे क्लब एकमेकांशी कशी स्पर्धा करतात ते पाहू. मैदानावरची चुरस सर्वांना दिसते. मैदानाबाहेरची चुरस मुले मिळवण्यासाठी असते. ज्या क्लबाचा तेरा वर्षांखालील संघ चषक जिंकतो, त्याच्याकडे पालकांची रांग लागते. म्हणून लहान मुलांच्या सामन्यांतही जिंकण्याची घाई होते आणि दुसऱ्या क्लबाचे चांगले खेळाडू ओढून आणले जातात. घाईत निवड करणारा प्रशिक्षक बहुधा उंच आणि दणकट मुले घेतो, कारण त्या वयात अंगाने मोठा मुलगा सामना जिंकून देतो.

येथे जन्मतारखेचा एक गमतीचा हिशेब आहे. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. समजा, अस्लमचा जन्म जानेवारीतला आणि सलीमचा त्याच वर्षीच्या डिसेंबरातला. दोघे एकाच गटात खेळतील, पण अस्लम जवळजवळ अकरा महिन्यांनी मोठा आहे. बाराव्या वर्षी अकरा महिन्यांत मुलाची उंची आणि ताकद किती बदलते, ते तुमच्या वर्गात पाहिले तरी कळेल. अनेक देशांतील अभ्यासांत असे दिसले आहे की, निवडलेल्या मुलांमध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या बरीच जास्त असते. सलीमला 'तू कमी पडतोस' असे सांगून घरी पाठवतात. खरे तर तो फक्त उशिरा जन्मलेला असतो. याच कारणाने काही पालक जन्मदाखल्यावर वय कमी दाखवतात. ती लबाडी आहे. पुढे हाडांच्या तपासणीत वय जास्त निघाले, की मुलाला त्या गटात खेळता येत नाही.

क्लबाला तुमची नोंदणी का हवी असते, यामागे आणखी एक कारण आहे. 'फिफा' या जागतिक संघटनेच्या नियमानुसार, करार चालू असलेला खेळाडू मोबदला घेऊन एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबाकडे गेला, तर त्या रकमेतील शेकडा ५ भाग त्याला वयाच्या १२ ते २३ या वर्षांत घडवणाऱ्या क्लबांना वाटला जातो. समजा, मोबदला १ कोटी रुपये ठरला. त्यांतले ५ लाख वाटायचे. १२ ते १५ या वयातील प्रत्येक वर्षासाठी २५ हजार आणि १६ ते २३ या वयातील प्रत्येक वर्षासाठी ५० हजार. बेरीज करून पाहा. पण हे पैसे मिळायचे तर त्या वर्षी तुमचे नाव त्या क्लबाकडे रीतसर नोंदलेले असले पाहिजे. आपल्याकडच्या फारच थोड्या खेळाडूंच्या बाबतीत असा व्यवहार घडतो, हे खरे. तरीही कागदावर सही करण्यापूर्वी तो घरी आणून मोठ्यांकडून वाचून घ्यावा. नोंदणी किती काळाची आहे आणि क्लब सोडायचा झाल्यास कोणाची परवानगी लागते, ते विचारावे. मला विचाराल तर सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे : सामन्यात मला किती मिनिटे खेळायला मिळेल? नावाजलेल्या क्लबाच्या बाकावर बसून राहण्यापेक्षा साध्या संघातून पूर्ण वेळ खेळणारा मुलगा जास्त शिकतो.

फी न घेणारे मार्गही आहेत. नवी मुंबईतील 'रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स' ही २०१५ मध्ये सुरू झालेली निवासी अकादमी शिष्यवृत्तीवर मुले घेते. मात्र निवड साऱ्या देशातून होते, म्हणून जागा थोड्या. कफ परेडच्या आंबेडकर नगर वस्तीत सुरू झालेल्या 'ऑस्कर फाउंडेशन'ची अट मला फार आवडते : शाळेत जाल तरच फुटबॉल खेळायला मिळेल. आपल्या ठाणे जिल्ह्यातही हालचाल आहे. अंबरनाथ युनायटेड अटलांटा हा संघ २०२२-२३ मध्ये आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत खेळला. मुंब्र्यात 'परचम' या संस्थेने २०१२ च्या सुमारास मुलींचा फुटबॉल सुरू केला. 'परचम'चा अर्थ तुम्हांला सांगायला नको. मुलींना खेळायला मोकळी जागा हवी, म्हणून त्यांनी घरोघरी सह्या गोळा केल्या. मुलींसाठी क्लबांची निवड अजून फारच थोडी आहे आणि घरापासून दूर जाण्याची अडचण त्यांना मुलांपेक्षा जास्त भासते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

महाराष्ट्रात क्लबाचा याहून वेगळा प्रकार पाहायचा असेल, तर कोल्हापूरला जावे. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे पैलवानांची व्यायामशाळा. कोल्हापुरात याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, आणि तुमच्या भाषेतले गोड नाव धारण करणारे दिलबहार तालीम मंडळ. शाहू स्टेडियमवर यांचे सामने असले, की पेठाच्या पेठा मैदानावर लोटतात. तेथे संघ फीवर नव्हे, तर पेठेच्या अभिमानावर चालतो. लहान मुलगा मोठ्यांचा खेळ पाहत वाढतो आणि पुढे आपल्याच गल्लीच्या रंगाची जर्सी घालतो. तेथेही ईर्षा कधीकधी हाणामारीवर जाते, म्हणून सगळेच आदर्श आहे असे म्हणता येणार नाही.

धामणकर नाक्याजवळ राहणाऱ्या मुलासाठी पहिली पायरी मात्र शाळेतच आहे. १९६० साली सुरू झालेली सुब्रतो चषक स्पर्धा आणि शासनाच्या शालेय क्रीडा स्पर्धा यांत तुम्ही शाळेच्या नावाने खेळता. आधी स्थानिक पातळी, मग जिल्हा, विभाग आणि राज्य अशा फेऱ्या होतात. विभागाच्या सामन्यांना इतर क्लबांचे प्रशिक्षकही पाहायला येतात, म्हणजे दोन तासांचा प्रवास न करताही तुमचा खेळ त्यांच्यापुढे जातो. या स्पर्धांचे अर्ज शाळा सुरू झाल्यावर लवकरच भरले जातात. त्यासाठी जन्मतारखेचा पुरावा आणि मुख्याध्यापकांची सही लागते. सामने बहुधा पावसाळ्यातच सुरू होतात. तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी संपताच आपल्या क्रीडाशिक्षकांना भेटा आणि यंदा शाळेचा संघ पाठवणार आहात का, ते विचारा. संघ नसेल, तर अकरा जणांची नावे लिहून घेऊनच त्यांच्याकडे जा.