संघ कोणाचा?

थंडीचे दिवस आले, की कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू होतो. राजर्षी शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला, की पेठापेठांतून माणसांचे लोंढे निघतात. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशी तेथील संघांची नावे आहेत. सामना नव्वद मिनिटांत संपतो, पण त्यावरची चर्चा रात्री उशिरापर्यंत चालते. तालमीच्या कट्ट्यावर, चहाच्या गाड्यावर, घरातल्या जेवणाच्या ताटावरसुद्धा ती चालते.

या चर्चेत गोल कोणी मारला एवढेच बोलले जात नाही. बाहेरचा खेळाडू कितीला आणला? तेवढ्यात पेठेतली दोन पोरे तयार झाली नसती का? वर्गणी किती जमली? समोरच्या पेठेला एवढे पैसे कोण देतो? कोणीतरी चांगला आघाडीचा खेळाडू आणण्याचा आग्रह धरतो आणि मंडळाचा एखादा जुना कार्यकर्ता शांतपणे विचारतो, "भावा, पैसं कुठनं आणायचं?"

विद्यार्थी मित्रांनो, या एका प्रश्नाभोवती सगळ्या जगाचा फुटबॉल फिरत आहे. आपला नंदुरबार जिल्हा महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला आणि कोल्हापूर दक्षिणेला. आपल्याकडे सुटीच्या दिवशी बॅट घेऊन निघणारी मुले जास्त. तरीही मेस्सीच्या नावाचा सदरा घातलेला एखादा मुलगा प्रत्येक शाळेत सापडतो. त्या सदऱ्याकडे आपण पुढे येऊच. आधी कोल्हापूरची गोष्ट पुरी करू.

'तालीम' हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत आल्यावर या शब्दाने लंगोट कसला! मराठीत तालीम म्हणजे व्यायामाची आणि कुस्तीची जागा. नाटकाच्या सरावालाही मराठीत तालीमच म्हणतात. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला मोठा आश्रय दिला. 1912 साली त्यांनी खासबाग मैदान बांधून घेतले. शहरात पेठेपेठेत तालमी उभ्या राहिल्या. पुढे यांतल्याच अनेक तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ उतरू लागले. म्हणून तिथला संघ एखाद्या कंपनीचा किंवा शेठजींचा नसतो, तो पेठेचा असतो. सामने भरवण्याचे काम कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था करते. लोक तिला 'केएसए' म्हणतात.

पेठेच्या संघाचा जमाखर्च कसा असतो, ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. समजा, एका मंडळाकडे हंगामासाठी वर्गणीचे 3 लाख रुपये जमले. दुकानदार आणि व्यापारी यांनी देणगी व जाहिरात म्हणून 4 लाख दिले. बक्षिसाचे 1 लाख मिळाले. एकूण जमा 8 लाख. आता खर्च पाहा. बाहेरगावच्या खेळाडूंचे मानधन आणि राहण्याची सोय साडेचार लाख, बूट, कपडे, चेंडू 1 लाख, खुराक आणि प्रवास दीड लाख, दुखापती व औषधपाणी 50 हजार. एकूण खर्च साडेसात लाख. शिल्लक 50 हजार. हिशेब नीट बसला.

तेवढ्यात समोरच्या पेठेने एक परदेशी खेळाडू आणल्याची बातमी येते. कोल्हापुरात नायजेरियासारख्या देशांतले खेळाडूही खेळून गेले आहेत. बातमी ऐकून आपल्या पेठेतल्या तरुणांचे रक्त उसळते. "आपणही आणू!" त्या खेळाडूचे 2 लाख रुपये. शिल्लक 50 हजार गेली आणि वर दीड लाखाची तूट आली. ही तूट कोण भरणार? एखादा धनिक पुढे येतो आणि म्हणतो, "काळजी करू नका, मी देतो." टाळ्या पडतात. पुढच्या वर्षी संघात कोणाला घ्यायचे, प्रशिक्षक कोण असावा, हे ठरवताना मात्र सगळ्यांची नजर त्या धनिकाकडे वळते. कोणी त्याला मालक केलेले नसते. तूट भरता भरता तो मालक होऊन बसतो.

पेठेत निदान त्याला कट्ट्यावर गाठून प्रश्न विचारता येतो. कंपनीच्या संघाचे तसे नसते. मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा संघ आठवा. 2005-06 च्या हंगामात त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. महाराष्ट्राच्या संघाला हा मान त्यापूर्वी कधीच मिळाला नव्हता. कूपरेज मैदानावर त्याचे सामने पाहायला मुंबईकर जात. असा संघ 2010 मध्ये कंपनीने बंद केला. शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष देण्याचे कंपनीने ठरवले होते. हा हेतू वाईट नव्हता. पण ज्यांनी वर्षानुवर्षे उन्हात बसून त्या संघासाठी घसा कोरडा केला, त्यांना कोणी विचारले नाही. विचारण्याची गरजही नव्हती, कारण संघ त्यांचा नव्हताच.

पुण्यात तर दोनदा असे घडले. 2007 मध्ये सुरू झालेला पुणे एफसी 2012-13 च्या आय-लीगमध्ये दुसरा आला आणि नंतर दोन-तीन वर्षांतच बंद पडला. 2014 मध्ये आलेला एफसी पुणे सिटी आर्थिक अडचणीत सापडला आणि 2019 मध्ये त्याची इंडियन सुपर लीगमधली जागा हैदराबादच्या नव्या संघाकडे गेली. पुण्याच्या प्रेक्षकांनी काय करावे? रात्रीतून हैदराबादचे व्हावे?

कोलकात्याच्या लोकांना असे सहज गप्प बसवता येत नाही. तिथे संघाची नावे घराण्याच्या नावासारखी जपली जातात. मोहन बागानने 1911 मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या सैनिकांच्या संघाला 2-1 असे हरवून आयएफए शील्ड जिंकली. अनवाणी खेळणाऱ्या भारतीयांचा तो विजय सगळ्या देशाने साजरा केला. 1891 मध्ये स्थापन झालेल्या मोहमेडन स्पोर्टिंगने 1934 ते 1938 अशी सलग पाच वर्षे कोलकाता लीग जिंकली. ही लीग जिंकणारा तो पहिला भारतीय संघ.

2020 मध्ये एका मोठ्या उद्योगसमूहाने मोहन बागानच्या फुटबॉल विभागात 80 टक्के भागीदारी घेतली. त्या समूहाचा आधीचा संघ एटीके होता. दोन्ही एकत्र झाले आणि नाव ठरले एटीके मोहन बागान. पैसा आला, चांगले खेळाडू आले. पण नावापुढे लागलेली ती तीन अक्षरे चाहत्यांना काट्यासारखी खुपू लागली. त्यांनी फलक धरले, घोषणा दिल्या, तिकिटे घेऊ नका असेही काहींनी सांगितले. मार्च 2023 मध्ये संघाने इंडियन सुपर लीग जिंकली आणि त्याच रात्री ती अक्षरे काढत असल्याचे मालकांनी जाहीर केले. एवढे झाले तरी संघ चाहत्यांच्या हाती आला, असे समजू नका. भागीदारी आहे तिथेच आहे. नवे नाव मोहन बागान सुपर जायंट, म्हणजे शेपूट मालकाच्या पसंतीचेच!

मोहमेडन स्पोर्टिंगची कथा अधिक दुःखाची आहे. 2023-24 ची आय-लीग जिंकून हा जुना संघ इंडियन सुपर लीगमध्ये गेला. चाहत्यांनी मिठाई वाटली. पण वरच्या लीगचा खर्च वेगळाच असतो. 2024-25 मध्ये पैसे घालणाऱ्यांशी वाद झाले, खेळाडूंचे पगार थकले, काही काळ खेळाडूंनी सरावही थांबवला. संघ शेवटच्या क्रमांकावर राहिला. वर जाण्याचा आनंद साजरा करताना वर राहण्याचा खर्च किती, हे कोणी मोजले होते का, असा प्रश्न मला पडतो.

आता मेस्सीच्या सदऱ्याकडे वळू. बार्सिलोना हा क्लब कोणा एका मालकाचा नाही. त्याचे हजारो सभासद आहेत आणि तेच मतदान करून अध्यक्ष निवडतात. मग तिथे सगळे सुरळीत असायला हवे. पण 8 ऑगस्ट 2021 रोजी मेस्सीने पत्रकारांसमोर रडत क्लबचा निरोप घेतला. त्याला जायचे नव्हते, क्लबलाही त्याला सोडायचे नव्हते. मग अडले कुठे? स्पेनच्या लीगचा नियम असा, की पगारावरचा खर्च उत्पन्नाच्या मानाने ठरलेल्या मर्यादेत हवा. बार्सिलोनाचे त्या वेळचे पगार उत्पन्नाच्या 103 टक्के असल्याचे अध्यक्षांनीच सांगितले. म्हणजे शंभर रुपये मिळाले, तर एकशे तीन रुपये नुसते पगारात जात होते. करोनाच्या साथीत स्टेडियम रिकामे राहिले हे खरे, पण त्याआधीच महागडे खेळाडू घेऊन आधीच्या कारभाऱ्यांनी क्लबला कर्जात बुडवले होते. विजय मिळत होते, तोवर किती सभासदांनी हिशेबाची वही मागितली असेल?

चाहत्यांच्या चर्चेत आणखी एक विषय हमखास निघतो. तो म्हणजे प्रतिस्पर्ध्याची फजिती. समोरच्या पेठेचा खेळाडू निघून गेला, की आपल्या कट्ट्यावर हशा पिकतो. माणसाचा स्वभावच तसा. पण शेजारचा संघ बंद पडला, तर आपण खेळायचे कोणाशी? गोव्यात हे प्रत्यक्ष घडले. 2016 मध्ये देशातील लीगच्या नव्या रचनेवर नाराज होऊन साळगावकर, स्पोर्टिंग क्लब दी गोवा आणि पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो, हे तीन संघ आय-लीगमधून बाहेर पडले. तिघांचे चाहते एकमेकांचे कडवे विरोधक होते. त्यानंतर त्या सगळ्यांच्याच वाट्याला सारखी शांतता आली. धेंपो 2024 मध्ये परत आला.

2025 मध्ये तर सगळ्यांवर एकदम वेळ आली. इंडियन सुपर लीग चालवण्याचा पंधरा वर्षांचा करार संपत आला होता आणि नवा करार ठरत नव्हता. जुलैमध्ये आयोजकांनी हंगाम थांबवून ठेवल्याचे कळवले. काही क्लबांनी पगार देणे थांबवले. त्या दिवसांत मोठ्या क्लबचा खेळाडू आणि छोट्या क्लबचा खेळाडू सारखेच काळजीत होते.

कोल्हापुरात मात्र पेठेला असा करार लागत नाही. थंडी पडली, की पुन्हा वर्गणीची पावतीपुस्तके निघतात. पुन्हा कोणीतरी परदेशी खेळाडूचे नाव काढतो. कट्ट्यावरचा तो जुना कार्यकर्ता चष्मा पुसतो, खिशातली वही काढतो आणि मागच्या वर्षीची शिल्लक वाचून दाखवू लागतो.