चार किलोबाइटमधली डोंगररांग

गेल्या वर्षी एका विज्ञान प्रदर्शनात आमच्या नववीतल्या एका मुलीने संगणकाच्या पडद्यावर डोंगररांग दाखवली. चित्र तिने काढलेले नव्हते. तिने लिहिलेल्या वीस-पंचवीस ओळींच्या आज्ञावलीने, म्हणजे प्रोग्रामने, ते काढले होते. परीक्षकांनी पडद्याकडे पाहिले आणि विचारले, "चित्र कुठून डाउनलोड केलंस?" ती ओळी उघडून दाखवेपर्यंत ते शेजारच्या थर्मोकोलच्या धरणाकडे वळले होते.

परीक्षकांचा राग आला खरा. पण त्यांची अडचणही समजण्यासारखी आहे. गणिते सोडवण्याच्या आज्ञावली-स्पर्धेत उत्तर बरोबर की चूक, हे यंत्रच सांगते. कल्पकतेच्या स्पर्धेत मोजायचे काय? पडद्यावर जे दिसते तेवढ्यावरून कष्ट कुणाचे, हे कळत नाही.

युरोपातल्या हौशी आज्ञावलीकारांनी या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वीच शोधले आहे. १९८०च्या दशकात कमोडोर ६४सारख्या घरगुती संगणकांवरच्या खेळांची कुलपे तोडून प्रती वाटणारी काही मुले खेळाच्या आधी आपली 'सही' जोडत: सरकती अक्षरे, थोडे संगीत. चोरीच्या भांड्यावर कोरलेली नक्षीच म्हणा ना! पुढे नक्षीच मोठी झाली आणि भांडे बाजूला पडले. अशा कृतींना 'डेमो' म्हणतात. त्यांचे मेळावे भरू लागले. फिनलंडमधला 'असेंब्ली' मेळावा १९९२ पासूनचा. तेथे कृती मोठ्या पडद्यावर दाखवतात आणि जमलेले लोक मते देतात. फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये या कलेला आपापल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत स्थान दिले.

या मेळाव्यांतला एक गट आपल्या कामाचा आहे. त्याची अट एकच : संपूर्ण आज्ञावली, चित्रे आणि संगीत धरून, ४०९६ बाइटच्या आत बसली पाहिजे. ४०९६ बाइट म्हणजे किती? मराठी मजकूर साठवताना प्रत्येक वर्णचिन्हाला व मात्रेला सहसा तीन बाइट लागतात. म्हणजे एवढ्या जागेत या लेखाचा निम्मा भागही मावणार नाही. १२८० बाय ७२० ठिपक्यांचे एकच रंगीत चित्र प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरून जसेच्या तसे साठवले, तर २७,६४,८०० बाइट होतात; बरोबर ६७५ पट!

आणि तरीही २००९ मध्ये जर्मनीतल्या 'ब्रेकपॉइंट' मेळाव्यात या गटात पहिल्या आलेल्या 'एलिव्हेटेड' या कृतीत सुमारे साडेतीन मिनिटे बर्फाच्छादित पर्वतांवरून आपण उडत जातो. दऱ्या, तळी, उन्हाची तिरीप आणि सोबतीला संगीत. हे सारे ४०९६ बाइटमध्ये मावले कसे?

उत्तर असे, की त्यात पर्वत साठवलेलेच नाहीत. साठवली आहे ती पर्वत करण्याची कृती. लाडू पाठवायचा नाही, लाडवाची कृती पाठवायची.

ही कृती वर्गात करून पाहता येते. संगणक लागत नाही. आलेख कागदावर १६ सेंमीची आडवी रेघ काढा. तिचा मध्यबिंदू ४ सेंमी वर किंवा खाली सरकवा आणि टोकांना जोडा. आता दोन तुकडे झाले. प्रत्येकाचा मध्यबिंदू २ सेंमी वर किंवा खाली न्या. मग चार तुकड्यांचे १ सेंमीने, आठ तुकड्यांचे अर्ध्या सेंमीने. एकूण १५ निर्णय. वर की खाली, हे नाणे उडवून ठरवले तर प्रत्येक विद्यार्थ्याचा डोंगर वेगळा येईल.

पण 'एलिव्हेटेड'मधला पर्वत प्रत्येक वेळी तोच यायला हवा. म्हणून नाण्याऐवजी आकडेमोड. ५ ही संख्या घ्या. २१ने गुणा, ७ मिळवा, शेवटचे दोन अंक ठेवा : १२. त्याचे पुन्हा तसेच : ५९. पुढे ४६, ७३, ४०, ४७, ९४, ८१, ८, ७५, ८२, २९, १६, ४३, १०. संख्या ५०पेक्षा कमी असेल तर बिंदू वर, नाहीतर खाली. प्रत्येक फेरीत डावीकडून उजवीकडे. सारे बरोबर केले तर डावीकडे खोलगट भाग आणि उजवीकडे ५ सेंमी उंचीवर सपाट माथा येईल, थेट आपल्या सह्याद्रीतल्या किल्ल्यासारखा. सगळ्या वर्गाचा तोच. (सम-विषमावर निर्णय का घेऊ नये, हे मुलांनाच शोधू द्या. यादी नीट पाहिली की सापडते.) ५ऐवजी दुसरी संख्या घेऊन सुरुवात करा, किल्ला बदलेल.

'एलिव्हेटेड'ची पद्धत तपशिलात वेगळी आहे, पण तत्त्व हेच : मोठा उंचवटा, त्यावर लहान, त्यावर त्याहून लहान. रंगही नियमानेच येतो. उताराची तीव्रता पाहून बर्फ कुठे टिकेल ते ठरते. मुळात हे निसर्गाच्या निरीक्षणाचे काम आहे. कर्त्यांपैकी इनिगो किलेझ पुढे पिक्सार या अॅनिमेशन संस्थेत गेले आणि 'ब्रेव्ह' (२०१२) या चित्रपटातल्या शेवाळ-झाडोऱ्यासाठी त्यांनी अशाच नियमांनी काम केले.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. ४०९६ बाइट ही केवळ बरोबर आणलेली शिदोरी. विंडोज, तिच्यातल्या चित्र काढण्याच्या तयार सोयी आणि ताकदवान ग्राफिक्स कार्ड हे सारे यजमानाच्या घरचे असते. ते मोजत नाहीत. त्यामुळे 'चार किलोबाइटमध्ये सारे काही' हा दावा अर्धाच खरा. पण स्पर्धा म्हणून त्याने बिघडत नाही, कारण यजमानाचे घर सगळ्यांना सारखेच मिळते. आणि एवढ्याशा जागेत डाउनलोड केलेले चित्र लपवायला वाव नसतो. ज्या प्रश्नाने आमची मुलगी हिरमुसली, तो प्रश्नच तिथे उद्भवत नाही.

यंदा आम्ही शाळेपुरती एक स्पर्धा ठेवली आहे. विषय कोणताही, संगणकाची भाषा कोणतीही. मात्र आज्ञावली एका पोस्टकार्डावर हाताने लिहून द्यायची आणि परीक्षकांसमोर ती पाहून टंकायची. सूचना लावल्यावर तासाभरातच आठवीतला एक जण विचारायला आला : पत्त्याची बाजूही वापरायची का? ते अजून ठरलेले नाही.