हायजिनिस्ट घडताना: १९०६ पासूनचा मागोवा

स्वातंत्र्याला आठ महिनेही झाले नव्हते, तेव्हा २९ मार्च १९४८ रोजी दंतवैद्यकाचा कायदा झाला. त्यात डेंटल हायजिनिस्टची व्याख्या होती: दंतवैद्य वा डॉक्टर नसलेली, पण दात खरवडून साफ करणारी, पॉलिश करणारी किंवा दातांची निगा शिकवणारी व्यक्ती. तिची पात्रता वेगळी, नोंदवहीही वेगळी. ही दूरदृष्टीच म्हणायची. मुंबईत नायर दंत महाविद्यालय निघूनही तेव्हा पंधरा वर्षं झाली नव्हती.

कल्पना मूळची अमेरिकेतली. ब्रिजपोर्टचे डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ साली आपल्या नात्यातल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना हे काम शिकवलं. १९१३ मध्ये त्यांनी गॅरेजातच वर्ग भरवला. तिथे शिकलेल्या बायका पुढे गावच्या शाळांत मुलांचे दात साफ करू लागल्या.

आपल्याकडे हा बारावी सायन्सनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, एक्स-रे हे सगळं आलंच. पण खरी परीक्षा हाताची. सराव आधी फँटम हेड या कृत्रिम डोक्यावर. सिकल स्केलर पेनासारखा धरायचा आणि अनामिका शेजारच्या दातावर टेकवायची. हा टेकू सुटला की टोक हिरडीत घुसलंच. हिरडीच्या वरचा टार्टर सिकलने काढायचा, खालचा गोल टोकाच्या क्युरेटने. प्रोबवरच्या खुणांनी दात आणि हिरडीमधली फट मोजायची: तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे काळजी. अल्ट्रासॉनिक यंत्रं आली, तरी बोटांची ही जाण सरावानेच येते.

इतकं असून खासगी दवाखान्यांत हायजिनिस्ट क्वचितच दिसते. एका खुर्चीच्या दवाखान्यात स्केलिंग डॉक्टरच उरकतात, आणि ब्रश कसा फिरवायचा हे सांगायचं राहून जातं. मिश्री आणि तंबाखूची सवय असलेल्या मुंबईला हे परवडणारं नाही. तोंडातला पांढरा चट्टा दात साफ करणाऱ्या हाताला सर्वांत आधी दिसू शकतो. परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयाची पायरी चढण्याच्या कितीतरी आधी. पालिकेच्या शाळांतून हायजिनिस्ट केव्हाच फिरायला हव्या होत्या.

२०२३ मध्ये संसदेने १९४८च्या त्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा मंजूर केला.

वडाळ्यातल्या बारावी झालेल्या मुलामुलींनी या वाटेचा जरूर विचार करावा. हार्बरने सीएसएमटीला उतरलं की सेंट जॉर्जेसच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. चौकशीची सुरुवात तिथूनच करावी. कुठेही फी भरण्याआधी मात्र अभ्यासक्रमाला मान्यता आहे का आणि तो पुरा झाल्यावर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत नोंदणी होते का, हे लेखी विचारून घ्यावं.