सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात

नव्या गृहसंकुलाचं माहितीपत्रक उघडलं की क्लबहाऊस, पोहण्याचा तलाव, ज्येष्ठांसाठी बाकं असं सगळं रंगीत चित्रांसह दिसतं. रोज दोनशे-चारशे घरांतून निघणारा कचरा कुठे जाणार, हे त्यात शोधावं लागतं. बहुतेक ठिकाणी ती जागा ट्रान्सफॉर्मरच्या मागे किंवा पार्किंगच्या टोकाला, कुंपणाच्या भिंतीला चिकटून असते. वर पत्र्याची शेड, खाली विटांचे चार-सहा हौद किंवा एखादं यंत्र. दहा-दहा वर्षं तिथे राहणाऱ्यांनीही ती पाहिलेली नसते. पुण्या-मुंबईतल्या अशा जागा बघत फिरताना माझं एक मत पक्कं होत गेलं. तिथे रोज कोण उभं असतं, त्या माणसाला काय मिळतं आणि त्याच्या हातात पडणारा डबा कसा भरलेला असतो, एवढ्यावर प्रकल्पाचं भवितव्य ठरतं. यंत्राची किंमत त्यानंतर येते.

आधी हिशोब पाहू. चौघांच्या घरातून रोज अर्धा ते पाऊण किलो ओला कचरा निघतो असं धरलं, तर दोनशे घरांचा शंभर ते दीडशे किलो होतो. केंद्र सरकारच्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला सरासरी 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरानिर्माते ठरवलं आणि 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असं सांगितलं. म्हणजे आज जिला आपण मध्यम आकाराची सोसायटी म्हणतो, तीही यात येते. या सगळ्याची सुरुवात अल्मित्रा पटेल यांनी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेने झाली. त्यातून 2000 साली देशाचे पहिले नियम आले. 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग घरातच करायचे आहेत. कायद्याच्या बाजूने आता फारसं काही उरलेलं नाही.

उरलं आहे ते इमारतीत आणि आपल्या सवयीत. मुंबईच्या जुन्या वस्त्यांत दोन इमारतींच्या पाठींमध्ये अरुंद हाऊस गल्ली असे. मोऱ्या आणि संडास त्या बाजूला, सफाई कामगाराची येजाही तिथूनच. खिडकीतून टाकलं की कचरा आपला राहिला नाही, ही समजूत त्या गल्ल्यांनी घडवली. नंतर टॉवर आले आणि गल्लीची जागा च्यूटने घेतली. प्रत्येक मजल्यावर एक झाकण, आत तळापर्यंत जाणारी नळी. अठराव्या मजल्यावरून सोडलेली पिशवी खाली पोचेपर्यंत फुटते, वरण-भाताचं पाणी नळीच्या भिंतीला चिकटतं, झुरळं आणि उंदीर त्यावर पोसतात. त्याहून मोठं नुकसान असं, की तळाशी ज्याच्यापुढे तो ढीग पडतो त्याला कुठल्या घराने वर्गीकरण केलं आणि कुठल्या नाही, हे कळायचा मार्गच उरत नाही. अनेक सोसायट्यांनी च्यूट कायमची बंद केली, ती याच कारणाने. दाराशी येऊन डबा घेणाऱ्या माणसाला मात्र डबा उघडून दाखवावा लागतो.

पुण्यातल्या एका संकुलात हौदावर काम करणाऱ्या ताईंच्या शेजारी मी सकाळभर उभा होतो. मजल्यांवरून आलेला ड्रम त्या आधी पत्र्यावर रिकामा करतात. मग हाताने निवडतात: कोथिंबिरीच्या जुडीचं रबर, सफरचंदावरची चकती, सॉसची पुडी, आणि दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे. हा कोपरा नखाएवढा असतो, भाजीच्या सालात मिसळला की दिसत नाही आणि तयार खतात जसाच्या तसा सापडतो. पिशवी कापताना तो तुकडा लोंबता ठेवला तर सगळंच वाचेल. त्या दिवशी शेवग्याच्या सालांत एक दाढीचं पातं निघालं. ताईंनी ते काही न बोलता वेगळ्या डब्यात टाकलं. असे डबे त्यांच्याकडे ठरलेलेच आहेत. ज्या घरातून ते आलं, तिथे त्या क्षणी कोणीतरी चहा पीत बसलं असेल आणि आपण कुणाचा हात कापायची व्यवस्था करून आलो आहोत, हे त्याच्या गावीही नसेल. मला ते पातं विसरता आलेलं नाही.

निवडून झाल्यावर हौदात थर पडतो. ओल्या कचऱ्यात नत्र भरपूर असतं आणि वाळल्या पाल्यात, भुशात कार्बन. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण एका भाग नत्रामागे 25 ते 30 भाग कार्बन लागतो. पाला कमी पडला की जादा नत्र अमोनिया होऊन उडतं आणि डोळ्यांना झोंबतं. पाणी जास्त झालं की हवा खेळत नाही, मग सडका वास सुटतो, काळं पाणी झिरपतं, अळ्या होतात आणि पहिल्या मजल्यावरचे रहिवासी तक्रार घेऊन येतात. ओल नेमकी आहे का, हे ताई मूठ दाबून बघतात: एखाद-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर पाला वाढवायचा. ढिगाच्या पोटात 55 ते 60 अंशांपर्यंत उष्णता चढते. फावड्याने वरखाली करताना वाफ दिसते. दीड-दोन महिन्यांत त्याचं काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत होतं आणि वजन मूळच्या एका लहानशा हिश्शावर येतं. फेब्रुवारी-मार्चमधल्या पानगळीत हीच सोसायटी पाला पोत्यांत भरून ठेवते. इतर ठिकाणी तोच पाला पेटवतात किंवा ट्रकमध्ये भरून घालवतात आणि पावसाळ्यात पैसे मोजून कोकोपीट आणतात. याचा मला मनापासून राग येतो.

यंत्राला माझा विरोध नाही. कचरा बारीक करून भुशात मिसळणारं यंत्र जागा वाचवतं. त्यातून निघालेला माल क्रेटमध्ये पुढे दोन आठवडे मुरू द्यावा लागतो, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे झालं. मात्र चोवीस तासांत खत देण्याचा दावा करणाऱ्या यंत्रांपासून सावध राहायला हवं. ती प्रामुख्याने कचरा तापवून वाळवतात. ती कोरडी भुकटी कुंडीत घालून पाणी दिलं की कुजण्याची क्रिया तिथे नव्याने सुरू होते, वास येतो आणि मुळांना इजा होते. वर विजेचं बिल येतं ते वेगळंच. वर्षभराने असं यंत्र ताडपत्रीखाली झाकलेलं दिसतं आणि ओला कचरा पुन्हा घंटागाडीत जाऊ लागतो. पुणे महापालिका गांडूळखत प्रकल्पासाठी मिळकत करात 5 टक्के सवलत देते. ती चालू प्रकल्पासाठी आहे.

पुण्याला या कामात एक वारसा लाभला आहे, तो दुसऱ्या कुठल्या शहराला क्वचितच असेल. 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या लक्ष्मी नारायण व पौर्णिमा चिकरमाने यांच्या कामातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचराकुंडीत वाकून भंगार वेचणाऱ्या, बहुसंख्येने दलित असलेल्या बायकांनी स्वतःला कामगार म्हणवून घेतलं आणि महापालिकेकडून ओळखपत्रं मिळवली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था आली आणि 2008 पासून महापालिकेशी करार करून ती दारोदार कचरा गोळा करू लागली. घराकडून शुल्क आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे पैसे, या दोन पायांवर त्यांचं उत्पन्न उभं आहे. पुठ्ठा, कडक प्लॅस्टिक, पत्रा यांना भाव मिळतो. वेफर्सच्या चकचकीत वेष्टनाला जवळजवळ काहीच नाही. मोठी संकुलं जेव्हा हे काम हाऊसकीपिंगच्या कंत्राटात घालतात आणि रद्दी-पुठ्ठा सोसायटी परस्पर विकते, तेव्हा त्यातला दुसरा पाय जातो आणि बिनभावाचं वेष्टन तेवढं वेचणाऱ्यांच्या वाट्याला उरतं.

सॅनिटरी पॅड आणि डायपर गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची साधी पद्धत ‘स्वच्छ’च्याच मोहिमेने शिकवली, पुडी न उघडता आत काय आहे ते कळावं, एवढाच तिचा हेतू. 2016 च्या नियमांनी अशा वस्तूंसोबत विल्हेवाटीची पिशवी देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली होती. घरोघरी मात्र अजूनही जुनं वर्तमानपत्रच कामी येतं.

आपण जे आवारात जिरवत नाही, ते कुणाच्या तरी गावात जातं. कोथरूडचा कचरा डेपो शहराच्या वाढीत सापडला, तेव्हा तो बंद करून गाड्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे वळवल्या गेल्या. कोथरूडच्या त्या जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे. फुरसुंगीच्या विहिरींचं पाणी बिघडलं आणि गावाला टँकरची वाट पाहावी लागली. 2017 च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागल्यावर गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. जवळपास तीन आठवडे पुण्यात कचरा साचला आणि शहराला त्या गावाची आठवण झाली. मुंबईत देवनारचा डेपो 1927 पासूनचा आहे. जानेवारी 2016 मधल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि महिनाभरातच उच्च न्यायालयाने कचऱ्याच्या प्रश्नावरून शहरातल्या नव्या बांधकामांना मनाई केली. पुढच्या वर्षी 2 ऑक्टोबरपासून महापालिकेने मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. तेव्हा जागा नाही, वास येईल, माणसं मिळत नाहीत अशा हरकती आल्या. पहिल्या दोन्हींवर उपाय आहेत आणि ते वर आलेच. तिसरी हरकत पगाराची आहे.

सहकारी सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत होते. तिथे मांडल्या जाणाऱ्या हिशोबात लिफ्टची देखभाल, जनरेटरचं डिझेल, पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन या सगळ्यांना स्वतंत्र ओळ असते. खताच्या हौदावर उभं राहणारं माणूस ‘हाऊसकीपिंग’ या एका आकड्यात विरघळून जातं. त्याची सुट्टी असेल त्या दिवशी कोण येणार हे ठरलेलं नसतं. हौदापाशी नळ नसतो, हातमोजे फाटल्यावर नवे कधी मिळतील हे सांगता येत नाही, आणि काही सोसायट्यांत तर त्याला रहिवाशांची लिफ्ट वापरायलाही मनाई असते. हौदावरच्या माणसाचा पगार, त्याच्या सुट्टीतली बदली आणि हातमोजे-साबण हे खर्च वेगवेगळ्या ओळींत लिहिलेला हिशोब मी मोजक्याच ठिकाणी पाहिला. त्या ठिकाणचे हौद आजही चालू आहेत.